पिवळी पट्टी

“मॅडम, पोरगं परत गेलं आणि मी रोज रंग फासत बसतो. त्यात तोंड नाही, झाड नाही, घर नाही. हे मी माझ्या जिवासाठी करतो, का त्याच्या दुःखावर माझं नाव घालतो?”

बोलणारी बाईच आहे. आमच्या कोल्हापुरात बायका ‘मी जातो, मी करतो’ असंच बोलतात. दुसऱ्याचं मूल काही काळ आपल्या घरी सांभाळणाऱ्या प्रतिपालक आईवडिलांच्या मनातली ही शंका समुपदेशन करताना मी अनेकदा ऐकली आहे. कुणी डायरी लिहितं, कुणी गोधडी शिवतं, आणि मग मध्येच हात थांबतो: हे सांगायचा मला हक्क आहे का? या ताईंच्या परवानगीनं लिहिते आहे. वय, काळ, घरचे तपशील बदलले आहेत.

बाल कल्याण समितीच्या आदेशानं मुलगा त्यांच्याकडं आला आणि सव्वा वर्षानं, आईची घडी बसल्यावर, समितीच्याच आदेशानं तिच्याकडं परत गेला. “जायचंच होतं की,” असं नवरा म्हणाला आणि कामाला लागला. शेजारणी म्हणाल्या, “तुम्ही यशोदाच हो.” त्यावर ताई मला म्हणाल्या, “किस्ना मथुरेला गेल्यावर यशोदेचं काय झालं, ते कोण विचारतंय?”

‘मग दत्तकच का नाही घेतलं?’ हा प्रश्न तर त्यांनी शंभरदा झेलला असेल. ज्या मुलाचे आईवडील आहेत आणि सावरू पाहतात, ते मूल दत्तक देता येत नाही. त्याला तोवर संस्थेऐवजी घर मिळावं म्हणून २०१५ च्या बाल न्याय कायद्यात, कलम ४४ मध्ये, प्रतिपालकत्वाची सोय आहे. २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी दत्तकासाठी कायद्यानं मोकळ्या झालेल्या मुलाला दोन वर्षांच्या सांभाळानंतर त्याच घरात दत्तक देण्याची वाट खुली केली. आधी ही मुदत पाच वर्षांची होती. पण या मुलाला त्याची आई होती. तो तिच्याकडं गेला, हेच व्हायला हवं होतं. ताईंनाही ते मनापासून हवं होतं.

म्हणूनच रडायला जागा नव्हती. मूल खुशाल आहे, मग दुखवटा कसला? भेटायला कुणी येत नाही, दिवस कुणी मोजत नाही. केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकानं १९८९ मध्ये अशा शोकावर पुस्तक आणलं: ज्या दुःखाला समाज दुःख म्हणूनच मोजत नाही, ते माणसाला एकट्यानं वाहावं लागतं. ताईंना हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या.

इथं माझी एक चूक झाली. ताईंनी एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, केलेली, शाळेत चित्रकला शिकवलेली. मी म्हटलं, त्याचा चेहरा काढा. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर या चित्रकारांचं हे गाव. हुबेहूब काढणं म्हणजेच चित्र, अशीच आमची नजर घडली आहे. माझीही. ताई तीन आठवडे कोरा कागद घेऊन येत राहिल्या. “नाक जमलं की तो लांबच जातो, मॅडम.”

चौथ्या आठवड्यात त्यांनी एक बोर्ड आणला. सगळा करडा-काळा, थरावर थर, मध्ये सुरीनं खरवडलेलं. अगदी तळाशी दोन बोटं रुंदीची पिवळी पट्टी. मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, “हे आमचं पॅसेज. तो दार लावून, लाइट चालू ठेवून झोपायचा. मी बाहेर उभा राहायचो. आत जायचं नाही, हे मला कळायचं. दाराखालचा उजेड तेवढा दिसायचा.”

त्या चित्रात मुलगा कुठंच नाही. दाराच्या अलीकडं उभी असलेली बाई आहे. चेहरा काढायला बसलं की तो कसा होता हे ठरवावं लागतं, आणि ते ठरवणं त्यांना पटत नव्हतं. अमूर्तात ती सक्ती नाही. तिथं आपल्याला काय झालं, एवढंच मांडलं तरी चालतं. सासूबाई मात्र म्हणाल्या, “भिंत लिंपल्यागत दिसतंय गं.” मला ते काही वाईट वाटलं नाही. लिंपणंसुद्धा थरावर थर देऊनच होतं.

पुढं अकरा बोर्ड झाले. शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात मांडावेत असं त्यांच्या मनात आलं, आणि सुरुवातीचा प्रश्न तिथूनच उठला होता. आम्ही सगळे बोर्ड माझ्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवले. प्रत्येकापुढं मी एवढंच विचारत गेले: यात आहे ते कुणाचं?

बहुतेकांना उत्तर आलं, ‘माझं.’ वाट बघणं, राग, गेल्यानंतरच्या रविवारची दुपार. सातव्या बोर्डापाशी त्या थांबल्या. त्यात मुलाची एक सवय होती, घाबरल्यावरची. ती कोणती, हे मी इथंही लिहिणार नाही, कारण ती त्याची आहे. तो बोर्ड त्यांनी स्वतःच उलटा करून ठेवला.

नववा अवघड होता. त्यावर मुलाच्या वहीचं पान चिकटवलेलं, त्याच्या हातचं एक चित्र, कोपऱ्यात नावाचं लेबल, रंगाखाली अर्धवट झाकलेलं. त्यांचा सगळ्यात आवडता बोर्ड. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करायला मनाई करतं. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण मी कायदा नंतर सांगितला. आधी विचारलं, “उद्या अठराव्या वर्षी तो समोर उभा राहिला आणि म्हणाला, हे माझं होतं, तर?” ताई त्या दिवशी न बोलता उठून गेल्या. पुढच्या आठवड्याला आल्याच नाहीत. मला वाटलं, आपण घाई केली.

नंतर आल्या तेव्हा पान निघालेलं होतं. पाणी लावून, दोन दिवस खपून. एका कोपऱ्यात थोडं फाटलं होतं. तो मुलगा निघताना त्यांनी आठवणींची वही दिली होती: पडलेला दात, पहिली सायकल, कुठल्या डॉक्टरकडं नेलं, सगळं. ते पान त्याच वहीत असायला हवं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, परस्पर त्याच्या घरी जाऊ नका. जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत विचारा. मुलाला आणि त्याच्या आईला पेलत असेल तेव्हाच. पान अजून पाकिटातच आहे.

बोर्डावर पानाच्या जागी पांढुरका चौकोन उरला आहे. त्यावर त्यांनी रंग दिला नाही. प्रदर्शन झालंच तर हा नववा आणि पिवळ्या पट्टीचा, दोन्ही लावायचं ठरलं आहे. शेजारी नाव, वय, हकिकत काही नाही. सातवा घरीच राहील.

तुम्हालाही हीच शंका छळत असेल, तर एक-एक चित्र, एक-एक ओळ घेऊन तेवढंच विचारा: यातलं कुणाचं? आणि झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, रंग हातात घ्यावासाही वाटत नसेल, तर कागदावर विसंबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. ताईंनाही मी मध्ये पाठवलं होतं.

गेल्या महिन्यात त्यांना दुसऱ्या मुलासाठी विचारणा झाली. “काय सांगू, मॅडम?” मी काही सांगितलं नाही. दसऱ्यापर्यंत मुदत मागून घेतली आहे त्यांनी.