उथळ तलावाखालचं युरेनियम ओपन पिटने (वरून उघडा खड्डा खणून) काढताना आख्खा तलाव आटवतात का?

तुम्ही पुढे असंही विचारलंय की उद्या आपल्या नांदूर मध्यमेश्वरखाली (नाशिककडचं पक्षी अभयारण्य) युरेनियम सापडलं तर काय. ते आधी उरकतो. तिथे खाली बेसॉल्ट आहे, आपला काळा पाषाण, त्यात खाण काढण्याएवढं युरेनियम नसतं, त्यामुळे पक्ष्यांची काळजी निदान या कारणासाठी तरी करू नका.

आता मूळ प्रश्न. मी नाशिकला फाउंडेशन आणि डायाफ्राम वॉलची (जमिनीत खोल उतरवलेल्या भिंतीची) कामं घेतो, खाणीशी संबंध नाही, पण हा सगळा खेळ पाणी अडवण्याचाच आहे म्हणून लिहितोय.

आटवायचा की नाही ते तलाव केवढा यावर असतं. अशी उदाहरणं कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताच्या उत्तरेला आहेत. रॅबिट लेक छोटा होता, तो सरळ रिकामा केला आणि १९७५ ला खाण चालू झाली. पण त्याच्याच जवळचे कॉलिन्स बेचे साठे वोलास्टन लेकच्या कडेला पाण्याखाली, आणि तो लेक इतका अवाढव्य की आटवायचा विषयच नाही, मग साठ्याभोवती बांध घालून तेवढा तुकडा तोडला, आतलं पाणी उपसलं आणि कोरड्या तळात खणलं.

लोकांना वाटतं तलावाचं पाणी हीच अडचण. ते तर एकदाच उपसायचं असतं हो. निफाडकडे नदीकाठी विहीर खोदताना बघितली असेल तर कळेल, वरून थेंब नसतो पण खालून वाळूतून पाझर एवढा की मोटर बंद करायची सोय नाही. सस्कॅचेवानमधल्याच पॅटरसन लेकखाली २०१२ मधे साठा सापडला, वर पाणी उथळच, पण खडक लागायच्या आधी सुमारे ५० मीटर हिमनदीने आणून टाकलेली वाळू-गोटे. म्हणून २०१५ च्या ओपन पिट प्लॅनमधे नुसता गोल बांध नव्हता, त्याच्या पोटातून खाली खडकापर्यंत स्लरी वॉल होती. म्हणजे चर खणताना तो बेंटोनाइटच्या (पाण्यात फुगणाऱ्या चिकणमातीच्या) चिखलाने भरलेला ठेवायचा, ढासळू द्यायचा नाही, आणि मग पाणी न झिरपणारा माल भरायचा. गंगापूरसारख्या मातीच्या धरणात पायाखाली सीओटी (कट-ऑफ ट्रेंच, पाझर अडवणारा मातीने भरलेला चर) नेतात, तत्त्व तेच. पण धरणामागे कोणी खड्डा खोदत बसत नाही, इथे बांधाच्या आतच खड्डा खोल होत जातो आणि जेवढा खोल तेवढा बाहेरच्या पाण्याचा दाब वाढतो. बांध दिसायला भारी असतो, पण रात्रीची झोप उडवते ती भिंत आणि खडक यांचा सांधा. शेवटी २०१९ मधे कंपनीने ओपन पिट सोडून पूर्ण भूमिगत खाणीचा प्लॅन घेतला, भिंतीचा खर्चही वाचला आणि तलावातली ढवळाढवळही. मला ते पटतं.

खोली जास्त असेल तर ओपन पिट होतच नाही. तिकडच्याच सिगार लेकचा साठा ४५० मीटरच्या आसपास खाली, तिथे जमीन गोठवून पाण्याच्या जेटने खनिज कापतात.

बरं, उपसलेलं पाणी तसंच परत तलावात सोडता येत नाही, त्यात रेडियम असतं, आर्सेनिक, निकेलही असू शकतं. रेडियम बेरियम क्लोराइड टाकून खाली बसवतात. हे कागदावर छान वाटतं. पण १९८९ मधे रॅबिट लेक खाणीतून सुमारे २० लाख लिटर दूषित पाणी सांडलं होतं, आणि त्याआधी १९८५ मधे वोलास्टनच्या लोकांनी कॉलिन्स बेच्या खाणीविरुद्ध रस्ता अडवला होता. त्या लेकचे मासे खाऊन जगणारे लोक ते, चिडणारच.

खाण संपल्यावर खड्ड्याचं काय, हाही तुमचा प्रश्न होता. रॅबिट लेकच्या खड्ड्यात, २०१६ मधे काम थांबेपर्यंत, मिलमधून (खनिज दळून युरेनियम काढतात तिथून) उरलेला चोथा भरत होते, कडेने दगड-वाळूचा थर ठेवून, म्हणजे भूजल चोथ्यातून न जाता बाजूने निघून जातं. बांधाआडच्या खड्ड्यात पाणी भरतात आणि टेस्टिंग करत राहतात, क्वालिटी बसली तरच बांध फोडायचा, नाही बसली तर बांध तसाच ठेवायचा.