जुन्या स्विफ्टला नव्या मॉडेलचे आरसे: साडेसतरा हजार घालावेत का?

प्रश्न: आमची २०१२ ची स्विफ्ट एलडीआय आहे. नोंदणी मार्चमधली, गाडी सेकंडहँड घेतलेली, विमा फक्त थर्ड पार्टी. दिवाळीनंतर रस्त्यावर एका ट्रॉलीनं डावा साईड मिरर उडवला. आमचे आरसे साधे, काळे, हातानं फिरवायचे. साळ्याच्या २०२१ च्या टॉप मॉडेलचे आरसे गाडी लॉक केली की आपोआप मिटतात, त्यांत इंडिकेटरही आहे. तसेच माझ्या गाडीला बसवून द्यायला एक जण तयार आहे. जुन्या मालातली जोडी ११,०००, स्विच आणि वायरिंग २,५००, रंग २,०००, मजुरी २,०००. विकताना गाडीला भाव जास्त येईल असंही तो म्हणतो. साधा आरसा घेतला तर अकराशेला पडतो. सोयाबीनचा चुकारा आलाय, खात्यात ६२,००० आहेत. सोसायटीचं पीककर्ज १,६०,००० आहे, पण ते बिनव्याजी आहे, त्यामुळे त्याची घाई नाही. पत्नीही आता गाडी चालवायला लागली. काय करू?
(एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर:

भाऊ, अकराशेवाला डावा आरसा या आठवड्यातच बसवून टाका. त्यात विचार करण्यासारखं काही नाही. साडेसतरा हजारांच्या कामाला मात्र ३० जूनपर्यंत हात लावू नका. त्यानंतरही ते त्या माणसानं सांगितलं तसं करू नका. तुमच्या उपयोगाचा भाग तेवढा निम्म्याहून कमी पैशात होतो.

आधी आरसा. कापसाचा हंगाम सुरू आहे. संध्याकाळी जिनिंगकडे निघालेल्या ट्रॉल्या दोन्ही अंगांनी फुगलेल्या असतात. मागं लाल दिवा लागत असला तर नशीब म्हणायचं, आणि बंडीला रिफ्लेक्टरची पट्टीसुद्धा नसते. अशा ट्रॉलीला ओलांडून परत डाव्या हाताला येताना मागून कोण घुसतंय हे डावा आरसाच दाखवतो. तो नसताना तुम्ही मान वळवून अंदाजानं गाडी आत घेताय. इथं अकराशे वाचवण्यात काही अर्थ नाही. घेताना एक बघा. या आरशाची काच किंचित फुगीर असायला हवी. हातात धरून त्यात स्वतःचा चेहरा पाहा. घरच्या आरशापेक्षा लहान दिसला तर माल बरोबर आहे. जसाच्या तसा दिसला तर काच सपाट आहे, परत करा. फुगीर काचेत मागचा रस्ता जास्त मावतो. मात्र मागची गाडी असते त्यापेक्षा लांब वाटते, हे पत्नीलाही सांगून ठेवा.

आता पैशाचं. तुमच्या पत्रातल्या सगळ्या आकड्यांपेक्षा मला "त्याची घाई नाही" या शब्दांची जास्त धास्ती वाटली. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज शून्य टक्क्यानं पडतं, पण ते ३० जूनच्या आत फेडलं तर. तारीख हुकली की सवलत गेली. १,६०,००० वर सहा टक्के धरले तरी वर्षाचे ९,६०० होतात. म्हणजे बिनव्याजी कर्जाच्या भरवशावर घेतलेले साडेसतरा हजारांचे आरसे २७,१०० ला पडू शकतात.

तुम्ही म्हणाल, जूनला अजून वेळ आहे. मग हिशोब मांडूनच बघू. आजचे ६२,००० सगळे कर्जापोटी बाजूला ठेवले, तर कापूस आणि तुरीतून ९८,००० उभे करायचे राहतात. त्यातून आरशांचे पैसे काढले की हाच आकडा १,१५,५०० होतो. घरखर्च, हरभऱ्याची पेरणी, पोरांच्या शाळेचं मी अजून धरलेलंच नाही. फरक फक्त साडेसतरा हजारांचा दिसतो. पण लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० आहे, त्या भावानंही ही रक्कम दोन क्विंटलच्या वर जाते. तो भाव हातात पडेलच असंही नाही. ओलावा बारा टक्क्यांच्या वर निघाला की सीसीआय, म्हणजे हमीभावानं कापूस घेणारं सरकारी कापूस महामंडळ, माल घेत नाही, आणि मग व्यापारी म्हणेल तो भाव. बोंडअळीनं शेवटच्या वेच्याचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

कर्ज थकलं तर व्याजाहून मोठा फटका पुढं बसतो. नव्या हंगामाचं कर्ज अडतं आणि ऐन जूनमध्ये बियाणं-खतासाठी कृषी केंद्राची उधारी काढावी लागते. त्या उधारीचं व्याज पावतीवर लिहिलेलं नसतं, ते भावातच चढवलेलं असतं. कर्जमाफी होईल तेव्हा होईल. तिच्या आशेवर खर्च काढू नका.

आता त्या माणसाच्या आकड्यांकडे येतो, कारण उद्या तुमच्याकडे रोख पन्नास हजार मोकळे असले तरी मी या कामाला नाहीच म्हटलं असतं. तुमची स्विफ्ट ऑगस्ट २०११ मध्ये बाजारात आलेल्या पिढीची आहे. साळ्याची गाडी फेब्रुवारी २०१८ मध्ये आलेल्या पुढच्या पिढीची. नाव एकच असलं तरी सांगाडा वेगळा आणि दाराचा पत्राही वेगळा. आरसा ज्या तिकोनी कोपऱ्यावर बसतो त्याचा आकार, बोल्टची भोकं, खालचं रबर, यातलं काय जुळेल याचा भरवसा नाही. नाही जुळलं की भोकं मोठी होतात, प्लास्टिक घासलं जातं आणि उरलेली फट सिलिकॉननं भरली जाते. पहिला पावसाळा निघतो. दुसऱ्यात पाणी दाराच्या आत उतरायला लागतं. दाराच्या तळाला पाणी निघायची बारीक छिद्रं असतात, ती आपल्याकडच्या काळ्या मातीच्या धुळीनं आधीच बुजलेली असतात. मग पत्रा आतून सडतो आणि बाहेर रंगाला फोड येईपर्यंत कळतही नाही. डेंटरचं बिल त्यानंतर येतं. आज मिळालेल्या कोटेशनमध्ये ते कुठून दिसणार?

लॉक केलं की आरसे मिटायचं कामही तुम्हाला वाटतं तसं होणार नाही. साळ्याच्या गाडीत लॉकचा इशारा आरशाच्या मोटारीपर्यंत पोचायची सोय कंपनीनंच केलेली आहे. जुन्या गाडीत त्यासाठी वेगळं मॉड्यूल लावावं लागतं, आणि तुम्ही पाठवलेल्या हिशोबात त्याचं नाव नाही. म्हणजे एवढे पैसे घालून आरसे मिटणार ते बटण दाबल्यावरच. बाजाराच्या गल्लीत गाडी लावताना हातानं ढकलूनही साधा आरसा मिटतोच की.

वायरिंगबद्दल थोडं. काच फिरवणाऱ्या मोटारींना सहसा तीन वायर लागतात, मिटवायला आणखी दोन, इंडिकेटरला दोन. या सगळ्या दार आणि बॉडीच्या मधल्या रबरी नळीतून ओढायच्या. दार दिवसात किती वेळा उघडतं-मिटतं! घाईत नुसती टेप गुंडाळून केलेला जोड तिथं घासत राहतो. शॉर्टसर्किट होऊन गाडीला काही झालं तर तुमच्या थर्ड पार्टी विम्यात स्वतःच्या गाडीचा एक रुपया मिळत नाही.

विकताना भाव जास्त येईल, हे बोलणं दुकानदारानं करायचं आणि आपण ऐकून सोडून द्यायचं. तेरा-चौदा वर्षांची डिझेल गाडी बघायला येणारा माणूस बॉनेट उघडतो, धूर बघतो, टायर बघतो, कागदं मागतो. आरशात इंडिकेटर आहे म्हणून तो दोन हजार वाढवून देणार नाही. उलट दुसऱ्या मॉडेलचे आरसे दिसले तर दार ठोकलं होतं का, असं विचारेल.

कागदांवरून आठवलं. तुमच्या गाडीची पंधरा वर्षं मार्च २०२७ मध्ये भरतात. पुढं चालवायची तर आरसी, म्हणजे गाडीची नोंदणी, नव्यानं करून घ्यावी लागेल. अर्ज फॉर्म २५ वर, मुदत संपायच्या आधीच्या साठ दिवसांत. त्याची फी कारला ५,००० आहे, वरून पर्यावरण कर, आणि गाडी तपासणीला न्यावी लागते ती वेगळी. तपासणीच्या आधी टायर, ब्रेक, दिवे यांवर थोडाफार खर्च निघतोच. हा खर्च ठरलेला आहे, त्याची तारीखही ठरलेली आहे. गाडी अजून पाच वर्षं ठेवायची की त्याआधी काढायची, हे घरात बसून एकदा ठरवा. काढायची असेल तर आरशांचा विषय अकराशेवरच संपला.

ठेवायची असेल तर मात्र तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य महत्त्वाचं, पत्नी गाडी चालवते ते. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, पण या सगळ्या बेतात खरी गरज मला तिथंच दिसते. दोघांची उंची वेगळी असणार, सीट पुढं-मागं होते आणि दर वेळी आरसे नव्यानं लावावे लागतात. उजवा आरसा खिडकीची काच खाली करून हातानं लावता येतो. डाव्याला स्टेअरिंगवरून हात पोचत नाही. एक तर शेजारी कुणी बसलेलं हवं, नाहीतर उतरून फेरा मारायचा आणि परत येऊन बघायचं. घाईत माणूस तसाच निघतो. त्यामुळे सीटवर बसून बटणानं डावा आरसा फिरवता येणं ही चैन नाही, दोन चालक असलेल्या घराला त्याचा रोज उपयोग आहे. मिटणं आणि इंडिकेटर ही चैन.

म्हणून बेत असा ठेवा. आत्ता अकराशेचा साधा आरसा. ३० जूनच्या आत कर्ज पूर्ण फेडा. नवं कर्ज मंजूर होऊन पेरणी उरकली की मग स्विफ्टच्या याच, म्हणजे २०११ ते २०१७ च्या पिढीतल्या वरच्या मॉडेलचा बटणानं फिरणारा आरसा शोधा. फक्त डावा. पिढी तीच असल्यानं तो जागेवर बसण्याची शक्यता खूप जास्त, तरी कपलर (वायर जोडायचा प्लग) आणि बोल्ट आपल्या दाराशी लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. काळ्या झाकणाचा मिळाला तर उत्तम, उजव्याशी जुळेल आणि रंगाचे दोन हजार वाचतील. वायर तीनच, स्विच एक. तुम्हाला मिळालेल्या दरांवरूनच बघितलं तर मजुरी निम्मी होते आणि वायरिंगही कमी. सगळं मिळून सहा हजार ही माझी वरची रेघ. त्याच्या वर कुणी मागितलं तर साधा आरसाच राहू द्या आणि पत्नीला निघताना तेवढा एक फेरा मारायची सवय लावा.

तोपर्यंत ६२,००० मधले किमान पन्नास वेगळ्या खात्यात टाका, ज्या खात्याचं एटीएम खिशात नसतं अशा. सोसायटीत अधूनमधून भरलेत तर आणखी बरं, फक्त पावती घ्या आणि सचिवाकडून बाकी लिहून आणा. मार्च २०२७ साठी दर महिन्याला सात-आठशे बाजूला पडले तरी आरसीच्या वेळी कुणापुढं हात पसरावा लागणार नाही.

डावा आरसा बदलाल त्या दिवशी काम झाल्यावर दार लावून वरून बादलीभर पाणी ओता. मग दार उघडून आतल्या रबराच्या खाली बोट फिरवा. कोरडं लागलं तर पैसे द्या.