गाडी का थांबली, ते सांग

प्रिय,

गाईडचं काम मिळालं, हे वाचून फार आनंद झाला. शिकारीचा विषय पर्यटकांसमोर काढावा की नाही, असं तू विचारलंस. बिनधास्त काढ. चोरट्या शिकारीबद्दल बोलल्याने कुणी यायचं थांबत नाही. जंगल मुकं झालं की थांबतात.

आणि जनावरं संपायच्या कितीतरी आधी ती भेदरतात. जिथे बंदूक चालते तिथली हरणं गाडीची चाहूल लागताच उधळतात, पाणवठ्यावर रात्रीच उतरतात. मोझांबिकच्या गोरोंगोसा राष्ट्रीय उद्यानात 1977 ते 1992 च्या यादवीत 90 टक्क्यांहून जास्त हत्ती मारले गेले. वाचलेल्या हत्तिणी पुढे कित्येक वर्षं गाड्यांवर धावून येत. कळपातल्यांना मरताना त्यांनी पाहिलं होतं. त्यांना दोष कसा द्यायचा? पण तिथे लेकरंबाळं घेऊन कोण जाईल?

आफ्रिकेतल्या हत्तींच्या शिकारीने पर्यटनाचं वर्षाला सुमारे 2.5 कोटी डॉलरचं नुकसान होतं, असा अंदाज 2016 च्या एका अभ्यासात मांडला होता. ही झळ आधी ड्रायव्हरला, खोल्या झाडणाऱ्या बाईला, तुझ्यासारख्या गाईडला बसते. जंगलावर पोट असलेला माणूस जंगलावर नजर ठेवतो. ती रोजीरोटीच गेली, तर त्यातलाच एखादा फास लावायला तयार होतो. मला सगळ्यात जास्त भीती याची वाटते.

राजस्थानच्या सरिस्कात चोरट्या शिकारीमुळे एकही वाघ उरला नाही, हे 2005 मध्ये उघड झालं. 2008 मध्ये रणथंबोरहून हेलिकॉप्टरने वाघ आणावा लागला. इतक्या थराला जाण्याआधी रोज जंगलात फिरणाऱ्यांना काहीतरी दिसतंच.

म्हणून नुसता वाघ शोधू नकोस. जनावरांच्या वाटेवर, झुडपाच्या बुंध्याशी बघ. हरणाच्या मानेच्या उंचीवर तारेचं वेटोळं लोंबत असतं, तोच फास. तार नवी असली तर उन्हात चमकते, जुनी गंजून काटकीसारखी दिसते. जवळची साल खरवडलेली असेल, तर काहीतरी त्यात अडकून धडपडलं आहे. हात लावू नकोस. जागा लक्षात ठेव आणि ताबडतोब वनरक्षकाला कळव. फास बघायला येणारा शिकारी तिथेच सापडू शकतो. ती जागा ग्रुपवर टाकायची नाही. दुर्मीळ जनावराच्या फोटोसोबतही ठिकाण जाऊ देऊ नकोस, शिकारीही फोन बघतात.

मागच्या सीटवरून कुणी विचारेलच, गाडी का थांबली म्हणून. वनरक्षक येऊन तार काढेल, तेव्हा ती त्यांना जवळून बघू दे.

तुझा,
जुना सोबती