तिसऱ्या रांगेतले ओठ

प्रश्न : माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. पाचवीपासून वक्तृत्व स्पर्धांत तिने 41 बक्षिसं मिळवली. भाषणं मी लिहून देतो, ती दोन दिवसांत तोंडपाठ करते. तिने हायस्कूलमध्ये ‘स्पीच टीचर’ व्हावं असं मला वाटतं. नोकरीही होईल आणि स्टेजही सुटणार नाही. क्लासच्या सरांनी बीएएसएलपी (ऑडिओलॉजी आणि स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजीची पदवी) सुचवलंय, त्यात स्पीच आहेच. काय करावं?
– एक पालक, बार्शी

उत्तर : आधी सरांच्या सल्ल्याचं बघू, नाहीतर चार वर्षं आणि फीचे पैसे भलतीकडेच जातील. बीएएसएलपीमधलं ‘स्पीच’ म्हणजे भाषण नव्हे, तर वाचा, म्हणजे बोलण्याची क्षमता. तोतरेपणा, पक्षाघातानंतर गेलेली वाणी, ऐकू न येणारं बाळ, श्रवणयंत्र हे त्या अभ्यासक्रमाचे विषय. शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं, नंतर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आणि काम दवाखान्यात किंवा विशेष शाळेत. मुंबईत वांद्र्याला याच कामाची अली यावर जंग संस्था आहे, तिथली ओपीडी एकदा बाहेरून तरी बघून या. काम फार मोलाचं आहे, पण वक्तृत्वाच्या 41 ढालींचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. कर्णबधिर मुलांना शिकवायचं असेल तर विशेष शिक्षणातलं बी.एड. करावं लागतं, ती वाट आणखी निराळी.

दुसरं, ‘स्पीच टीचर’ असं पद आपल्या अनुदानित शाळांत नाही. मुंबई-पुण्यातल्या काही खासगी इंग्रजी शाळा स्पीच-ड्रामासाठी माणूस ठेवतात, बहुधा कंत्राटावर. बाकी सगळीकडे बोलायला शिकवणं हे भाषेच्या शिक्षकाचं काम. दहावीला भाषेचे 80 गुण लेखी आणि 20 अंतर्गत, तोंडी परीक्षा त्यातच. ते 20 गुण 2018-19 मध्ये काढून टाकले. निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 वर आला. कारणं इतरही होती, पण ओरड या गुणांची झाली आणि पुढच्याच वर्षी ते परत आले. आता कुठल्याही शाळेचं रजिस्टर उघडा, 18, 19, 18, 19 अशी रांग दिसेल. त्यातल्या कितीजणांनी खरंच तोंड उघडलं, ते मला विचारू नका.

आता तुमच्या पत्राबद्दल, कारण माझा जीव तिथे अडकलाय. मी बरीच वर्षं शालेय स्पर्धांना परीक्षक म्हणून जातो. एकदा सातवीतली एक मुलगी ‘सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजन’ म्हणून झोकात सुरू झाली आणि तिसऱ्या मिनिटाला अडली. मान खाली घालायच्या ऐवजी तिने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. तिथे एका गृहस्थांचे ओठ हलत होते. मुलीला शब्द मिळाला, हात ठरलेल्या जागी वर गेला, टाळ्या पडल्या. मी तिला बक्षीस दिलं नाही आणि जेवणाच्या वेळी ते गृहस्थ माझ्याशी भांडले. भाषण ‘आमचं’ किती चांगलं होतं, हे सांगत होते.

रागावू नका, पण तुम्ही तेच करताय. 41 पैकी तुमची बक्षिसं किती आणि तिची किती? स्वतःचं एक पानही न लिहिलेली मुलगी वर्गातल्या साठ जणांना बोलायला कशी शिकवणार? ती त्यांनाही पाठांतरच देईल.

पण तुमच्या पत्राच्या तळाशी, वेगळ्या पेनाने, तिने दोन ओळी लिहिल्यात. तुम्ही त्या बहुतेक पाहिल्या नसाव्यात. ‘मला स्टेज आवडत नाही. शेजारचा मुलगा तोंडीला घाबरत होता, त्याला रोज गच्चीवर बसवून आंबे कसे उतरवतात ते सांगायला लावलं, आता तो बोलतो.’

बाळ, हे तुला कोणी शिकवलं नाही ना? पुस्तकातला उतारा बाजूला ठेवून, त्याला जे माहीत आहे तेच त्याच्याकडून काढून घ्यायचं, हे ओळखायला बी.एड.वाल्यांना कधीकधी दोन वर्षं लागतात.

हेच करायचं असेल तर रस्ता ओळखीचा आहे : सायन्सनंतरही बी.ए.ला जाता येतं, मग मराठी किंवा इंग्रजी घेऊन दोन वर्षांचं बी.एड., त्याची प्रवेश परीक्षा सीईटी, सहावी ते आठवीसाठी टीईटी या शिक्षक पात्रता परीक्षेचा दुसरा पेपर आणि भरतीसाठी टेट ही वेगळी अभियोग्यता चाचणी व सरकारचं पवित्र पोर्टल. भरती रखडते आणि लागली तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवकाचं मानधन, 2023 च्या वाढीनंतर माध्यमिकला महिना 18 हजार. हे ऐकूनही मन तिथेच राहिलं तर जा. आणि वर्गासमोर उभं राहिल्यावर नकोसं वाटलं तर बीएएसएलपीचाही विचार कर, पण मग नावाला भुलून नाही, गच्चीवरच्या त्या पोराला आठवून.

तुम्हाला एकच काम सांगतो, साहेब. पुढची स्पर्धा सोडून द्या. पुढचं पत्र तिला लिहू द्या आणि पाकीट बंद करण्याआधी शुद्धलेखन तपासायला मागू नका.