आरोग्य मानसशास्त्र शिकून पुढे काय?

“डॉक्टर तर होणार नाही, मग दवाखान्यात ही करणार काय?” हा प्रश्न माझ्याकडे विद्यार्थ्यांपेक्षा त्यांचे पालकच अधिक विचारतात. नांदेडची शलाका (नाव बदलले आहे) हैदराबादला आरोग्य मानसशास्त्रात, म्हणजे आजार आणि उपचार यांच्याशी मन व सवयींचा काय संबंध असतो याचा अभ्यास करणाऱ्या विषयात, एम.एस्सी. करत होती. सुट्टीत ती वडिलांसह भेटायला आली, तेव्हा या प्रश्नाने तिलाही पुरते घेरले होते. “म्हणजे वेड्यांची डॉक्टर का?” असे नातेवाइकांनी विचारले की तिला उत्तर सुचत नसे. आपण विषयच चुकीचा निवडला, या विचाराने तिची झोप उडाली होती आणि अभ्यास जवळपास थांबला होता.

अशा वेळी नोकऱ्यांची यादी पुढे ठेवून फारसा उपयोग होत नाही, असे माझे मत आहे, कारण मुलीचा स्वतःच्या विषयावरचाच विश्वास डळमळलेला असतो. बोलण्याच्या ओघात घरातील आजीच्या मधुमेहाचा उल्लेख आला. गोळ्या नियमित चालू असूनही साखर आटोक्यात येत नव्हती. मी शलाकाला सुचवले की आजीला सल्ला अजिबात देऊ नये, केवळ तिचा सकाळपासूनचा दिवस विचारावा आणि शांतपणे ऐकावा.

पुढच्या भेटीत तिने जे सांगितले ते ऐकण्यासारखे होते. सकाळची गोळी खाण्याबरोबर घ्यायची होती. परंतु पूजा आणि सर्वांचे डबे आटोपल्याशिवाय आजी तोंडात काही घालत नसे, त्यामुळे ती गोळी बहुतेक दिवशी राहूनच जाई. एकादशीला आणि गुरुवारी उपवास म्हणून दोन्ही गोळ्या बंद असत. डॉक्टर रागावतील या भीतीने तपासणीच्या वेळी ती “घेते की सगळ्या” असेच सांगे. हे ऐकताना वडील मध्येच म्हणाले, “अहो, पण डॉक्टरांनी तर मागच्याच महिन्यात डोस वाढवून दिला.” शलाकाने आजीच्या संमतीने हे सारे डॉक्टरांच्या कानावर घातले आणि गोळ्यांच्या वेळा व उपवासाचे दिवस यांचा त्यांनी नव्याने विचार केला.

दीर्घकालीन आजारांत विकसित देशांतही सुमारे निम्मेच रुग्ण सांगितल्याप्रमाणे उपचार घेतात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या 2003 च्या अहवालात नमूद आहे. अमेरिकी डॉक्टर जॉर्ज एंगेल यांनी 1977 मध्ये आजाराकडे पाहताना शरीर, मन आणि समाज यांचा एकत्र विचार करणारी मांडणी केली. शलाकाने ती परीक्षेसाठी पाठ केली होती. आता तीच मांडणी तिला स्वतःच्या स्वयंपाकघरात दिसली.

वडिलांना मी एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली. या पदवीमुळे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट (मानसिक आजारांची तपासणी आणि मानसोपचार करणारा मानसशास्त्रज्ञ) म्हणून काम करण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि तेथील नोंदणी आवश्यक असते. त्या वाटेने जायचे नसेल, तर संशोधन, सार्वजनिक आरोग्याचे प्रकल्प, तसेच कर्करोग किंवा मधुमेहाच्या रुग्णांसोबत काम करणाऱ्या संस्था या दिशा आहेत. मात्र तेथे पगार सुरुवातीला बेताचाच असतो, हेही घरच्यांना आधीच माहीत असलेले बरे.

शलाकाने प्रबंधासाठी उपवास आणि मधुमेहाची औषधे हाच विषय निवडला आहे. संशोधनात सहभागी होणाऱ्यांचे हित तपासणाऱ्या नीतिसमितीपुढे ठेवायच्या प्रश्नावलीचा मसुदा ती सध्या मार्गदर्शकांसोबत तयार करत आहे.