शेवंतावर बोलण्याआधी

अरे, काल कुडाळच्या नाक्यावर तू तोंड उघडलंस आणि दोन मिनिटांत तुझी दांडी गुल झाली. मत चुकीचं नव्हतं तुझं. 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेवर बोलताना कुठलं पर्व ते आधी सांग. २०१६ चं पहिलं पर्व नाईकांच्या घरातल्या अण्णांच्या मृत्यूपासून सुरू होतं, २०१९ चं दुसरं त्याआधीची गोष्ट सांगतं, तिसरं आलं २०२१ ला. तू तिन्हींची खिचडी केलीस, मग लोक सोडतायत होय!

अण्णांचं जिच्याशी प्रेमप्रकरण, ती "शेवंता वाईट" म्हणालास. म्हणजे वाईट वागते, की वाईट लिहिलीय? दोन्ही वेगळं. शिवाय कुठल्या नटीची शेवंता? अपूर्वा नेमळेकरची, की नंतर आलेल्या कृतिका तुळसकरची? अण्णा नाईक माणूस म्हणून हलकटच, पण माधव अभ्यंकरांनी तो असा उभा केला की आमची आई भात कालवता कालवता त्याला शिव्या घालायची, आणि रिमोटला हात लावलास तर बघ म्हणायची. हे असलं काहीतरी सांग. नुसतं "भारी होतं" म्हणून कोण ऐकणार?

मालिकेतल्या मालवणी भाषेचा विषय मात्र इतक्यात काढू नकोस. शूटिंग इथेच आकेरीत झालेलं, त्यामुळे "असा कोण बोलता?" म्हणणारे दहा जण निघतात, आणि त्या दहांची मालवणीही एकसारखी नसते. वाद संपेपर्यंत चहा तीनदा होतो.

आणि मालिकेतल्या पांडूची नक्कल? वायच थांब. ती आमच्या रिक्षावाल्या काकांसाठी राखीव आहे.