राहतं घर विकून मोठं घ्यायचंय, आधी विकू की आधी घेऊ? आणि बघायला गेल्यावर नेमकं काय बघू?

तुम्ही लिहिलंय की दोन खोल्या आता पुरत नाहीत, जुन्या घरावर अजून कर्ज आहे, नवीन घर सगळ्यांच्या मनात भरलंय पण जुन्याला गिऱ्हाईक मिळालेलं नाही, आणि एजंट म्हणतोय टोकन देऊन ठेवा नाहीतर हातचं जाईल. माझं सरळ उत्तर, टोकन थांबवा आणि जुनं विकायला काढा. मी सिव्हिल इंजिनिअर आहे, बँकांसाठी घरांचं व्हॅल्युएशन करतो, म्हणजे घराची किंमत काढून देतो, त्यामुळे विकणारा आणि घेणारा दोघंही मला भेटतात आणि एकाच घराबद्दल दोघं काय काय सांगतात ते विचारूच नका.

आधी विकायचं कारण असं की ज्याने टोकन दिलं त्याच्या डोक्यावर तारीख बसली. त्या तारखेच्या आत जुनं गेलंच पाहिजे, आणि ही गोष्ट समोरच्याला कळतेच, एजंट बोलतो, शेजारी बोलतो, नाहीतर आपणच बोलून जातो की "आम्हाला जरा लवकर उरकायचंय". झालं, भाव तिथेच खाली आला. उलट जुन्याचा व्यवहार पक्का झालेला माणूस नवीन घराच्या बोलणीला बसला की विकणाऱ्यालाच घाई होते, कारण पैसे कुठून येणार हे स्पष्ट असलेलं गिऱ्हाईक त्यालाही सोडवत नाही. मग भावही सुटतो आणि फर्निचर, एसी, पंखे यावरही बोलता येतं.

आता तुम्ही म्हणाल मधल्या काळात राहायचं कुठे. हा खरा त्रास आहे, पण याला वाटा आहेत. एक तर जुन्याचा करार करतानाच ताब्याची तारीख लांबची मागायची, बऱ्याच घेणाऱ्यांना तसंही कर्ज मंजूर व्हायला वेळ लागतोच. दुसरं म्हणजे विकल्यावर त्याच घरात काही दिवस भाड्याने राहायचं, पण हे तोंडी ठेवू नका, किती दिवस, किती भाडं, मुदत ओलांडली तर काय, सगळं लिहून घ्या. तिसरं म्हणजे सरळ कुठेतरी भाड्याने जायचं, दोनदा सामान हलवायचा वैताग आहे हे मान्य, पण थोड्या महिन्यांचं भाडं आणि घाईत विकल्यामुळे बुडणारे पैसे शेजारी शेजारी लिहून बघा, बहुतेक वेळा भाडंच स्वस्त पडतं. ब्रिज लोन मिळतं काही बँकांत, मधल्या काळापुरतं, पण त्याचं व्याज चढं असतं आणि जुनं घर रखडलं तर दोन दोन कर्जांचे हप्ते अंगावर येतात, म्हणून तो उपाय मी शेवटी ठेवतो.

उलटं कधी करावं? तुमच्यासारखी घरं तुमच्या भागात पटापट विकली जात असतील आणि तुम्हाला हवं तसं घर क्वचितच बाजारात येत असेल तर आधी घ्या, पण करारात अट घाला की अमुक तारखेपर्यंत कर्ज मंजूर झालं नाही किंवा जुनं विकलं गेलं नाही तर इसाराची रक्कम परत मिळेल. विकणारा तयार नसेल तर इसार कमी आणि मुदत जास्त मागा. यालाही नाही म्हणाला तर माझ्या मते ते घर तुमच्यासाठी नाही.

भावाच्या बाबतीत सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. लोक म्हणतात आत्ता मार्केट पडलंय, थांबू, चढलं की विकू. अहो पण तुम्ही नुसते विकणारे नाही, घेणारेही आहात! समजा जुन्याचा भाव ६० लाख आहे आणि नव्याचा १००, फरक ४०. बाजार १० टक्के पडला तर जुनं ५४ ला जाईल आणि नवं ९० ला येईल, फरक ३६. म्हणजे लहानातून मोठ्यात जाणाऱ्याला पडता बाजार उलट बरा. चढला तर ६६ आणि ११०, फरक ४४, शेजाऱ्याला सांगायला भारी वाटतं की आमचं ६६ ला गेलं पण खिशातून चार जास्तच गेले. अर्थात दोन्ही घरांचे भाव सारखेच हलतात असं नाही, पण डोक्यात फरकाचा आकडा ठेवा, जुन्याचा एकटा भाव धरून बसू नका.

आणि धरून बसणं हा माणसाचा स्वभावच आहे. अमेरिकेत बॉस्टनमध्ये १९९० च्या दशकातल्या फ्लॅटविक्रीचा अभ्यास झाला होता, जेनेसोव्ह आणि मेयर या दोघांचा, २००१ साली छापून आला. ज्यांनी महागात घेतलं होतं आणि आता तोट्यात विकावं लागणार होतं ते लोक जास्त किंमत सांगायचे, तशाच प्रकारचे फ्लॅट इतरांनी विकायला काढले तर ते कमी सांगायचे, आणि मग या लोकांची घरं जास्त दिवस पडून राहायची. बाजाराला तुम्ही कितीला घेतलं, इंटिरिअरला किती घातले याच्याशी देणंघेणं नसतं. तुमच्या बिल्डिंगमध्ये किंवा गल्लीत अलीकडे प्रत्यक्ष रजिस्ट्रेशन कितीला झालं ते शोधा. जाहिरातीतला भाव धरू नका, तो मागितलेला असतो, मिळालेला नाही.

घेताना याच्या उलट सापळा. १९८७ चा एक प्रयोग आहे नॉर्थक्राफ्ट आणि नील यांचा, त्यात एजंट लोकांना एकच घर दाखवलं पण कागदावर विक्रीची किंमत वेगवेगळी दिली. ज्याला चढा आकडा दिला त्याने घराची खरी किंमतही चढी सांगितली, आणि वर बहुतेकांचं म्हणणं की आमच्यावर त्या आकड्याचा परिणाम झाला नाही. धंद्यातल्या माणसांचं हे, मग आपलं काय. म्हणून घर बघायला जायच्या आधी आजूबाजूच्या व्यवहारांवरून तुमचा आकडा कागदावर लिहून ठेवा, बघून आल्यावर डागडुजीचा खर्च त्यातून वजा करा आणि मगच मागणी ऐकून बोलणी सुरू करा.

आता बघायचं काय. एक गैरसमज आधी काढतो, "बँकेने कर्ज दिलं म्हणजे घर चांगलंच असणार". माझा रिपोर्ट बँकेसाठी असतो, बँकेला एवढंच कळायला हवं असतं की हप्ते थकले तर हे घर विकून पैसे वसूल होतील का. बाथरूम गळतं का हे त्यात असेलच असं नाही. तुमची तपासणी तुम्हालाच करायची आहे, किंवा पैसे देऊन करून घ्यायची आहे.

मी स्वतः दारातून आत गेलो की पहिल्यांदा वास घेतो. सगळीकडे रूम फ्रेशनर मारलेलं असेल तर खिडक्या बंद करायला लावून थोडा वेळ बसतो, ओलीचा कुबट वास लपत नाही. मग भिंती. पूर्ण घर जुन्या रंगात आणि एकच भिंत ताजी रंगवलेली असेल तर त्या भिंतीपाशी थांबायचं. तिच्या पलीकडे काय आहे ते बघायचं, बहुतेक वेळा बाथरूम किंवा बाहेरची बाजू निघते. खाली स्कर्टिंगच्या, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावलेल्या पट्टीच्या, वर हात फिरवायचा, पुट्टी फुगलेली, पोपडे, किंवा मिठासारखी पांढरी पूड हाताला लागली तर ओल आतून येतेय, पाणी भिंतीतले क्षार घेऊन बाहेर येतं आणि वाळलं की ती पूड राहते, रंगाने ते थांबत नाही. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवलेलं असेल तर हलवायला सांगा, लाजू नका. विकणारा कुरकुरला तर ती पण माहितीच आहे. बाथरूमच्या खालच्या मजल्यावर जाऊन त्यांच्या छताकडे बघता आलं तर सोन्याहून पिवळं, वरचा माणूस काहीही सांगो, खालचा खरं सांगतो. तुमच्या घराचं छत म्हणजे कुणाच्या तरी बाथरूमची जमीन असते हे विसरू नका. आणि जमलं तर भर पावसाच्या दिवशी परत एक चक्कर मारा.

भेगांना सगळे घाबरतात पण केसासारख्या बारीक, प्लास्टरमधल्या भेगा जवळपास प्रत्येक घरात असतात. घाबरायचं ते खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरक्या वर जाणाऱ्या तड्याला, भिंतीच्या दोन्ही बाजूंनी दिसणाऱ्या, एका टोकाला रुंद होत जाणाऱ्या तड्याला. आणि स्लॅब, बीम किंवा कॉलमवर सळईच्या ओळीत तपकिरी डाग किंवा निघालेला कपचा दिसला तर आत सळई गंजतेय. लोखंड गंजलं की मूळच्या दुप्पट ते सहापट जागा घेतं, म्हणून काँक्रीट आतून फुटतं. वरून सिमेंट थापून ते बरं होत नाही. तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअर दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका, त्याची फी घराच्या किमतीपुढे काहीच नसते.

बाकीचं भराभर. सगळे नळ एकदम सोडा आणि त्याच वेळी फ्लश करा, धार किती बारीक होते ते बघा. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतून ते जाळीकडे जातं का तुंबतं ते बघा. टाइल्सवर नाण्याने टकटक करा, पोकळ आवाज आला तर खाली माल नीट बसलेला नाही. टेप घेऊन जा आणि आतून भिंत ते भिंत मोजा, कागदावरचं क्षेत्रफळ कुठलं धरलंय, भिंतींसकट का जिना-लॉबीच्या वाट्यासकट, ते विचारा, कारण भाव लावतात मोठ्या आकड्यावर आणि राहायचं असतं लहान आकड्यात. बाल्कनी आत घेतलेली असेल, भिंत पाडून हॉल मोठा केला असेल तर मंजूर नकाशा मागा, त्यात नसलेलं बांधकाम उद्या तुमच्या गळ्यात येतं.

कागदांसाठी स्वतःचा वकील करा, विकणाऱ्याचा किंवा एजंटने आणलेला नको. मालकीची साखळी कुठे तुटत नाही ना, सगळे सहमालक आणि वारस सही करणार आहेत ना, मुखत्यारपत्रावर व्यवहार असेल तर ते देणारा हयात आहे ना आणि पत्र अजून चालू आहे ना, देखभाल-कर-वीज-पाणी थकलेलं नाही ना, हे तो बघेल.

तुमच्या बाबतीत कर्जाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. बऱ्याच जणांना वाटतं पाच वर्षं हप्ते भरले म्हणजे निदान पाव कर्ज तरी फिटलं. २० वर्षांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज धरा, पहिल्या हप्त्यातला ८० टक्क्यांहून जास्त भाग नुसतं व्याज असतो, आणि पाच वर्षांनी १०० मधले साधारण ८८ बाकीच असतात. त्यामुळे "थोडं कर्ज आहे" असं मनाने धरू नका, बँकेकडून आजची नेमकी बाकी लेखी घ्या, तोच आकडा विक्रीच्या पैशातून वजा होणार आहे. घेणाऱ्याला हे पहिल्याच भेटीत सांगा, लपवलेलं कर्ज नंतर बाहेर आलं की चांगलं गिऱ्हाईकही पळून जातं. नेहमीचा रस्ता असा की घेणाऱ्याचे किंवा त्याच्या बँकेचे पैसे थेट तुमच्या बँकेत जातात, कर्ज बंद होतं, मूळ कागद सुटतात, बोजा उतरतो, उरलेले पैसे तुम्हाला. या प्रत्येक पायरीला दिवस लागतात, तेवढे दिवस नव्या घराच्या तारखेत धरून चाला.

अजून एक, नव्या घराचं व्हॅल्युएशन ठरलेल्या भावापेक्षा कमी आलं तर बँक त्या कमी आकड्यावर कर्ज देते आणि फरक तुम्हाला रोख उभा करावा लागतो. म्हणून सगळी शिल्लक इसार आणि सामान हलवण्यात घालवू नका.

आता एजंटबद्दल. मी विरोधात नाही, चांगला एजंट गिऱ्हाईक गाळून आणतो, संध्याकाळी नुसतं घर बघत फिरणाऱ्यांपासून वाचवतो. फक्त त्याचं गणित समजून घ्या. शिकागोच्या आसपासच्या घरांच्या विक्रीवर लेविट आणि सायव्हरसन यांचा अभ्यास आहे, २००८ चा, त्यात एजंट स्वतःचं घर विकताना ते सरासरी साडेनऊ दिवस जास्त बाजारात ठेवत होते आणि इतरांच्या तशाच घरांपेक्षा सुमारे पावणेचार टक्के जास्त किंमत घेत होते. कारण सोपं आहे, तुमच्या घराला थोडा भाव जास्त मिळाला तर त्याच्या कमिशनमध्ये चिल्लर वाढते, पण सौदा आज झाला तर कमिशन आजच. त्यामुळे "हीच शेवटची ऑफर, घेऊन टाका" असं तो म्हणाला की विचारा, कालपासून किती जण बघून गेले, त्यांनी काय आकडे सांगितले. तुमच्या एजंटने टोकनची घाई लावलीय ना, त्याला हेही विचारून बघा की दोन्ही बाजूंचं कमिशन तोच घेतोय का.